आयोडीनच्या डोसनंतर जेवताना गाल फुगतो तेव्हा: शेक, मालिश आणि आंबट यांचा नेमका क्रम

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस घेऊन माणूस घरी येतो, तीन-चार महिने बरे जातात आणि एक दिवस जेवता जेवता गाल फुगतो. कानापुढे टणक, दुखरी सूज येते, तासा-दोन तासांत ओसरते आणि दुसऱ्या दिवशी ताटावर बसलं की पुन्हा हजर. बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूरकडे अशा वेळी कुणी गालगुंड म्हणून लेप लावतं, नाहीतर दाढ धरली असं समजून अँटिबायोटिक सुरू होतं. डोस झालेला असतो मुंबईला परळला किंवा बेंगळुरूला, सूज येते गावात. या दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

ज्यांना कारण ठाऊक असतं त्यांची चूक वेगळी असते. करायचं काय ते माहीत असतं, पण क्रम उलटा होतो: आधी लिंबू, मग मालिश, आणि शेक जेवण झाल्यावर कधीतरी. नळी तुंबलेली असताना आंबट चोखलं की मागे लाळ तयार होते, पुढे जायला वाट नसते आणि कळ वाढते. म्हणून या लेखात भर क्रमावर आहे.

कारण थोडक्यात. थायरॉइडसारख्याच लाळग्रंथीही रक्तातलं आयोडीन ओढून घेतात, त्यामुळे डोसमधल्या आयोडीन-१३१ चा मारा त्यांच्यावरही होतो. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीला सगळ्यात जास्त, जबड्याखालच्या ग्रंथीला त्याहून कमी. आतलं अस्तर सुजतं, लाळ घट्ट होते, तिचे बारीक चिकट गोळे नळीत अडकतात आणि पुढे नळीच अरुंद होते. लाळ सुटते जेवताना, म्हणून फुगतंही जेवतानाच. १००-१५० मिलिक्युरीचा (मिलिक्युरी हे किरणोत्सर्गाचं माप) डोस झाला असेल किंवा एकाहून जास्त वेळा डोस झाला असेल, तर हा त्रास होण्याची शक्यता ३० मिलिक्युरीच्या एका डोसपेक्षा जास्त.

## १. डोसआधीचे दोन-तीन आठवडे

दाताच्या डॉक्टरकडे आधी जा. भरायच्या दाढा भरून घ्या, काढायचे दात काढून घ्या. जखम भरून यायला किमान दोन आठवडे हाताशी ठेवा. डोसनंतर लाळ कमी झाली तर अर्धवट किडलेली दाढ झपाट्याने जाते. शिवाय गाल सुजला तर तो दाढेमुळे की ग्रंथीमुळे, हा घोळ होतो तो निराळाच.

लाळ मोजून ठेवा. ही मोजणी फारसं कुणी करत नाही, आणि नंतर 'तोंड कोरडं पडतंय' याला पुरावा राहत नाही. न्याहारी होऊन तासभर काही खाऊ-पिऊ नका, चूळही नको. खुर्चीत बसून मान थोडी पुढे झुकवा आणि तोंडात आपसूक जमेल तेवढी लाळ १५ मिनिटं औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणात सोडत राहा. चावायचं नाही, जीभ फिरवायची नाही. फेस बसू द्या आणि मग आकडा वाचा. चार-पाच मिली म्हणजे ठीक. दीड मिलीपेक्षा कमी म्हणजे तोंड खरोखर कोरडं आहे. आकडा आणि तारीख वहीत लिहा.

चालू औषधांची यादी दाखवा. सर्दी-खाजेच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधं, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, लघवी धरून ठेवण्याच्या गोळ्या, ही सगळी तोंड कोरडं पाडतात. आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, पर्याय बऱ्याचदा असतो.

तंबाखू, गुटखा, मशेरी बंद. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात मशेरी ही 'दात घासायची वस्तू' म्हणूनच धरली जाते. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" बाई म्हणते, "नाही," आणि मशेरी दिवसातून तीनदा चालूच. डॉक्टरांना मशेरीचं नाव घेऊन सांगा. कोरड्या तोंडात तिची जळजळ जास्त होते आणि हिरड्या लवकर खराब होतात.

आंबट गोळ्या आधीच आणून ठेवा. डोससाठी वेगळं ठेवतात त्या वॉर्डात गेल्यावर बाहेरून मागवणं सोपं नसतं. घेताना तीन गोष्टी बघा:

- गोळी विरघळणारी असावी. च्युइंगम, ऊस, आवळ्याचे तुकडे असं चावून थुंकायचं काही नको. डोसनंतर लाळेतही किरणोत्सर्ग असतो, मग तो चोथा टाकायचा कुठे?
- लाल-गुलाबी गोळ्या टाळा. एरिथ्रोसिन या लाल रंगात आयोडीन असतं. पाकिटावर आयएनएस १२७ (हा याच रंगाचा क्रमांक) लिहिलेलं असेल तर ते पाकीट नको.
- मीठ लावलेली चिंचगोळी, लिंबाचं लोणचं, मिठात वाळवलेली आमसुलं नकोत. डोसआधी पाळायच्या कमी आयोडीनच्या पथ्यात आयोडीनयुक्त मीठ चालत नाही.

मधुमेह असेल तर बिनसाखरेच्या गोळ्या घ्या. दूध, दही, ताक हेही या पथ्यात बंद असतं, तेव्हा 'आंबट हवंय ना, मग ताक पितो' असं चालणार नाही. ताक पथ्य सुटल्यावर.

> तपासा: दातांचं काम पूर्ण, लाळेचा आकडा वहीत, औषधांची यादी डॉक्टरांनी पाहिलेली, गोळ्या पिशवीत. यातलं काही राहिलं असेल तर डोसच्या तारखेआधी डोस देणाऱ्या न्यूक्लियर मेडिसिन विभागाला फोन करा.

## २. डोसचा दिवस आणि पुढचे पाच दिवस

इथला सगळ्यात मोठा गोंधळ म्हणजे आंबट गोळी कधी सुरू करायची. 'डोस घेतला की लगेच लिंबू चोखा' हा सल्ला नातेवाईकांकडून हमखास मिळतो. २००५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांचे दोन गट होते. एका गटाला डोसनंतर तासाभरात लिंबाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला २४ तासांनी. तासाभरात सुरू करणाऱ्यांना लाळग्रंथींचा त्रास जास्त झाला. आंबटाने ग्रंथीचा रक्तपुरवठा वाढतो आणि रक्तात आयोडीन भरपूर असताना तो वाढला तर ग्रंथीत आणखी आयोडीन शिरतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. यावर तज्ज्ञांचं एकमत नाही आणि काही विभाग लवकर सुरू करायला सांगतात. तेव्हा तुमच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागाने सांगितलेली वेळ पाळा, आणि त्यांनी काहीच सांगितलं नसेल तर विचारल्याशिवाय पहिल्या दिवशी सुरू करू नका.

त्याच अभ्यासातली पद्धत अशी होती: सुरू केल्यावर दिवसा दर दोन-तीन तासांनी एक किंवा दोन गोळ्या, पहिले पाच दिवस. दिवसभर एकामागून एक चोखत राहायचं नाही, आणि सकाळी दहा खाऊन मग विसरायचंही नाही.

पाणी. दिवसाला दोन ते तीन लिटर, घोट घोट, जागेपणी सारखं. लघवी रोखून धरू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

थुंकणं. बेसिनमध्ये किंवा कागदात थुंकू नका. संडासात थुंका आणि दोनदा फ्लश करा. ताट, वाटी, पेला, टॉवेल वेगळा. घरी आल्यावर लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेलं असतं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुमारे ८ दिवसांचं, त्यामुळे कार्डावर लिहिलेले दिवस नेमाने पाळा.

मालिश. वॉर्डात बाहेरून गालाची मालिश करायची का, हे विभागाला विचारून ठरवा. परवानगी असेल तर पुढे चौथ्या टप्प्यात दिलेल्या दिशेने, हलक्या हाताने, आणि नंतर हात साबणाने धुवा.

पहिल्या एक-दोन दिवसांत दोन्ही गाल जड वाटणं, तोंडाला धातूची चव येणं, अन्न मातीसारखं लागणं हे नेहमीचं. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरला की धातूची चव थोडी कमी जाणवते. चव सहसा काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते.

> थांबा: मानेच्या पुढच्या बाजूला, थायरॉइड काढल्याच्या ऑपरेशनच्या व्रणाजवळ सूज आली, गिळताना दुखू लागलं किंवा श्वास अडकतोय असं वाटलं, तर ती लाळग्रंथीची सूज नव्हे. थायरॉइडचा राहिलेला भाग सुजलेला असू शकतो. ताबडतोब वॉर्डातल्या माणसाला सांगा. घरी असाल तर थेट हॉस्पिटल गाठा, सकाळ व्हायची वाट बघू नका.

डोसनंतरच्या पूर्ण शरीराच्या स्कॅनमध्ये गालाजवळ आणि जबड्याखाली आयोडीन दिसलं म्हणून घाबरू नका. लाळग्रंथी स्कॅनमध्ये दिसतातच. अहवालावर कॅन्सर पसरल्याचं लिहिलेलं आहे का, हे डॉक्टरांकडून वाचून घ्या. स्वतः चित्र बघून तर्क लढवू नका.

## ३. नंतर सूज आली तर आधी ओळखा

सूज दोन वेळांना येते. एक, डोसच्या पहिल्या काही दिवसांत. दुसरी, महिन्यांनी, साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. ही दुसरीच जास्त फसवते. उपचार सुरू करण्यापूर्वी आरशासमोर टॉर्च घेऊन पाच मिनिटं घालवा.

पहिलं, जागा. कानाच्या पाळीच्या खाली आणि पुढे फुगवटा, पाळी किंचित वर उचललेली दिसते: ही पॅरोटिड. जबड्याच्या हाडाच्या आतल्या काठाखाली, हनुवटी आणि कान यांच्या मधोमध बोराएवढी किंवा मोठी सूज: ही जबड्याखालची ग्रंथी. दाढेच्या दुखण्यात सूज हिरडीलगत असते आणि त्या दाढेवर चमच्याच्या दांड्याने टिचकी मारली की कळ जाते. ग्रंथीच्या सुजेत दाढेला टिचकी मारून काही होत नाही.

दुसरं, वेळ. जेवणाच्या सुरुवातीला किंवा नुसत्या वासाने फुगतं आणि तासा-दोन तासांत बसतं? मग नळी तुंबतेय. गालगुंडात सूज जेवणाबरोबर ये-जा करत नाही, दिवसचे दिवस राहते आणि बहुधा तापही असतो.

तिसरं, नळीचं तोंड. गाल बोटाने बाहेर ओढा. वरच्या मागून दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा दिसेल. हे पॅरोटिडच्या नळीचं तोंड. अक्कलदाढ उगवलेली नसेल तर ती सगळ्यात मागची दाढ समजा. जबड्याखालच्या ग्रंथीचं तोंड जिभेखालच्या पडद्याच्या दोन बाजूंना असतं. ग्रंथी बाहेरून हलकेच दाबा आणि उंचवट्यावर काय येतं ते बघा. स्वच्छ थेंब आला तर वाट मोकळी आहे. तार सुटणारं, पांढुरकं, चिकट आलं तर गोळा आहे, मालिशचा उपयोग होईल. काहीच आलं नाही तर अडथळा पक्का आहे.

> थांबा: पिवळा-हिरवा, घाण वासाचा पू आला, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, कातडी लाल-गरम झाली किंवा तोंड दोन बोटंही उघडेना, तर पुढचा टप्पा करू नका. पू झालेल्या ग्रंथीवर मालिश करायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिकची खरी गरज इथे असते. पू आणि ताप नसलेल्या सुजेवर ते देत राहण्यात काही अर्थ नाही.

## ४. तुंबलेली नळी मोकळी करण्याचा क्रम

जेवणाच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं काढा. सूज आलेली असेल तर लगेच करा, नसेल तरी पहिले काही आठवडे दिवसातून चार वेळा. सगळं मिळून एवढ्या वेळात होतं, एकही पायरी वगळू नका.

क. पाणी. एक पेला साधं किंवा कोमट पाणी प्या. शरीरात पाणी कमी असेल तर लाळ घट्टच राहणार आणि पुढचं सगळं वाया जाणार.

ख. शेक, १० मिनिटं. पंचा गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवला तरच गालावर. निवला की पुन्हा भिजवा. तव्यावर गरम केलेला कोरडा फडका किंवा मिठाची पुरचुंडी वापरू नका. ऑपरेशननंतर मानेची-गालाची कातडी काही जागी बधिर असते, चटका बसलेला कळत नाही. शेक आधी दिला की घट्ट लाळ सैल पडते आणि पुढच्या मालिशला जोर कमी लागतो.

ग. पहिली मालिश. हात धुवा. दाढी वाढलेली असेल तर गालाला खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही. आता दिशा:

पॅरोटिडसाठी तर्जनी आणि मधलं बोट कानाच्या पाळीखाली ठेवा. तिथून गालावरून पुढे, वरच्या ओठाच्या दिशेने बोटं सरकवत आणा. टूथपेस्टची ट्यूब शेवटाकडून दाबत आणतो तसं. मग बोटं उचला आणि पुन्हा कानाजवळून सुरू करा. दहा-पंधरा वेळा, दोन्ही बाजूंना, जरी एकाच बाजूला सूज असली तरी.

जबड्याखालच्या ग्रंथीसाठी अंगठा जबड्याच्या कोनाखाली, हाडाच्या आतल्या काठाला लावा आणि हनुवटीकडे सरकवा. मानेवरच्या व्रणाकडे खाली जाऊ नका.

दाब असा असावा की नखाचं टोक पांढरं होईल, पण दुखून डोळ्यांत पाणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी गालावर निळेपणा दिसला तर तुम्ही जास्त दाबताय.

इथे होणाऱ्या दोन चुका: गोल गोल चोळणं आणि पुढून मागे नेणं. गोल चोळून लाळ जागेवरच फिरते. पुढून मागे नेलं की गोळा नळीतून परत ग्रंथीकडे ढकलला जातो. मालिश मागून पुढेच.

घ. थुंका आणि बघा. तोंडात खारट किंवा घट्ट चव आली, सुटका झाल्यासारखं वाटलं, म्हणजे गोळा निघाला. थुंकून चूळ भरा. काहीच आलं नाही तर ख आणि ग एकदा परत करा.

च. आता आंबट, तेही थोडं. लिंबाची एक फोड दोन-तीनदा चाटा किंवा एक बिनसाखरेची आंबट गोळी चोखा. लाळ सुटू लागली आणि कळ आली नाही, तर वाट उघडली. कळ वाढली तर गोळी थुंका आणि परत शेकावर या. आंबट वाढवून अडथळा फुटेल हा समज सोडून द्या.

छ. दुसरी मालिश. आंबटाने सुटलेल्या लाळेबरोबर उरलेलं बाहेर काढायचं. पाच-सहा वेळा पुरे.

ज. सोड्याची चूळ. पेलाभर म्हणजे साधारण २५० मिली कोमट पाण्यात खायचा सोडा अर्धा छोटा चमचा. तोंडात अर्धा मिनिट फिरवून थुंका. आंबटाने दातांवर बसलेलं आम्ल याने मरतं. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर मऊ झालेलं दाताचं आवरण घासलं जातं.

> तपासा: तीन-चार दिवस हा क्रम नीट केल्यावर सूज कमी वेळा यायला हवी किंवा लवकर बसायला हवी. ७२ तास करूनही सूज वाढतच गेली तर सहाव्या टप्प्याकडे वळा.

थायरॉक्सिन आणि सकाळची फेरी. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडची रोजची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. म्हणून सकाळची पहिली फेरी ग पर्यंतच करा, आंबट तासाभराने. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या थायरॉक्सिननंतर चार तासांनी. लाळेच्या नादात औषधांच्या वेळा बिघडवल्या तर रक्ततपासणीतले आकडे हलतात आणि डॉक्टर उगाच डोस बदलत बसतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, चोवीस तासांत ३ ग्रॅमच्या आत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सूज कमी करतात, पण मूत्रपिंड, रक्तदाब, अल्सर, दमा यांतलं काही असेल तर न विचारता घेऊ नका. सूज मोठी असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात. ते मेडिकलमधून परस्पर आणायचं औषध नव्हे.

## ५. तोंड कोरडं राहू लागलं तर

सूज आणि कोरडेपणा हे दोन वेगळे त्रास आहेत. सूज मालिशने बऱ्यापैकी आवाक्यात येते. कोरडेपणा ग्रंथीच्या पेशी कमी झाल्यामुळे असतो, तो महिनोन्महिने राहू शकतो आणि काहींना कायमचा. त्याची तजवीज रोजच्या जेवणात आणि दातांच्या काळजीत करायची.

आपल्याकडे जेवणच कोरडं असतं ही अडचण आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, चिरमुरे, कोरडा झुणका: कोरड्या तोंडाला याहून वाईट जोडी सापडणार नाही. भाकरी मऊ, ताजी घ्या आणि आमटीत किंवा ताकात कुस्करून खा. झुणक्याऐवजी पातळ पिठलं. भात आमटीत चांगला कालवून. नाचणीची किंवा जोंधळ्याची आंबील सकाळी उत्तम, पातळही आणि पोटभरही. घास लहान, प्रत्येक दोन-तीन घासांनंतर पाण्याचा घोट. ठेचा, लसणीची तिखट चटणी काही महिने बाजूला. नुसतं जळजळतं म्हणून नव्हे, तोंडाचं अस्तर पातळ झालेलं असतं.

कुंदा आणि करदंट हे बेळगाव-गोकाकच्या माणसाला सोडायला सांगणं कठीण, पण दोन्ही दाताला चिकटतात आणि लाळ नसेल तर रात्रभर तिथेच राहतात. खायचंच तर जेवणाबरोबर खा, मधल्या वेळेला नको, आणि नंतर सोड्याची चूळ.

लिंबू हा रोजचा उपाय करू नका. पहिल्या आठवड्यांत ठीक. वर्षभर दिवसातून आठ वेळा लिंबू चोखलं आणि लाळ कमी, तर पुढचे दात काठांना पारदर्शक आणि झिणझिणते होतात. लांबच्या वापरासाठी झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम बरं: जेवणानंतर दहा मिनिटं. चावण्यानेही लाळ सुटते आणि दातांचं नुकसान होत नाही.

दात: फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, ट्यूबवर १००० पीपीएम लिहिलेलं बघा. घासल्यावर थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. जास्त ताकदीची फ्लोराइड जेल हवी का, ते दाताचे डॉक्टर ठरवतील. तपासणी दर सहा महिन्यांनी, कोरडेपणा जास्त असेल तर तीन-चार महिन्यांनी. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नका, तो तोंड आणखी सुकवतो.

रात्री उशाशी पाणी ठेवा. पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट तोंडावर नको. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात हे विशेष सांभाळा. ओठांना तूप चालतं. कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मेडिकलमध्ये मिळते. झोपताना आणि प्रवासात तिचा उपयोग होतो, बाकी वेळी पाण्यावर भागतं. कवळी असेल तर रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवा.

> तपासा: आठवड्यातून एकदा जीभ, टाळू आणि गालाच्या आत टॉर्च मारून बघा. दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर, तो पुसला की खाली लालसर, आणि जळजळ: ही बुरशी आहे. डॉक्टर तोंडात लावायचं औषध देतात, लवकर बरी होते.

लाळेची मोजणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. डिस्चार्ज कार्डावरचे विलगीकरणाचे दिवस संपण्याआधी मात्र नाही.

## ६. डॉक्टरकडे जायचं कधी, न्यायचं काय

ताप, पू, तोंड न उघडणं याबद्दल वर आलंच. त्याशिवाय या गोष्टींसाठीही जा: ७२ तासांत न ओसरणारी सूज, न दुखणारी पण दोन आठवडे तशीच राहिलेली कडक गाठ, तोंडाची एक बाजू वाकडी होणं किंवा डोळा नीट न मिटणं. शेवटच्या दोन गोष्टी आयोडीनच्या सुजेच्या नेहमीच्या खात्यात बसत नाहीत, त्यांची स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. जाताना न्या: डोसची तारीख आणि मिलिक्युरीचा आकडा असलेलं डिस्चार्ज कार्ड, डोसनंतरच्या स्कॅनचा अहवाल, औषधांची यादी, लाळेच्या मोजणीची वही आणि सूज ऐन भरात असताना मोबाइलवर काढलेला समोरून व बाजूने एकेक फोटो. तपासणीच्या वेळी सूज बसलेलीच असते, म्हणून फोटो महत्त्वाचा. केस पेपर कन्नड किंवा इंग्रजीत होतो, तुम्ही मराठीत बोलता, मध्ये तपशील गळतात. म्हणून कागदावर डोसची तारीख, आकडा आणि 'पोस्ट रेडिओआयोडीन सायलॅडेनायटिस (आयोडीनच्या डोसनंतरची लाळग्रंथीची सूज) असू शकेल का?' एवढं इंग्रजीत लिहून घेऊन जा. ज्यांनी हा त्रास फारसा पाहिलेला नाही त्या डॉक्टरांनाही एवढ्यावरून दिशा मिळते.

पहिली तपासणी सहसा सोनोग्राफी. सीटी स्कॅनचा विषय निघाला तर 'मला पुन्हा आयोडीनचा डोस किंवा स्कॅन आहे' हे आधी सांगा. सीटीसाठी शिरेतून देतात त्या औषधात भरपूर आयोडीन असतं, त्याने पुढचा डोस काही आठवडे ते महिने पुढे ढकलावा लागू शकतो.

औषधांत पिलोकार्पिनची गोळी लाळ वाढवते. नेहमीचं प्रमाण ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. घाम सुटतो, लघवीला वारंवार जावं लागतं. दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. याच नावाचे डोळ्यांचे थेंब मिळतात, ते आपल्या मनाने तोंडात घालू नका.

सूज वारंवार येतच राहिली तर सायलएंडोस्कोपी हा पर्याय आहे. एखाद-दीड मिलिमीटर जाडीची दुर्बीण नळीच्या तोंडातून आत घालतात, गोळे धुऊन काढतात, अरुंद जागा ताणतात आणि बऱ्याचदा स्टेरॉइड सोडतात. सगळे कान-नाक-घसा सर्जन ती करत नाहीत, म्हणून फोनवर विचारून मगच प्रवास करा. हिच्याने सुजेच्या आणि दुखण्याच्या फेऱ्या कमी होतात. कोरडेपणा त्या मानाने कमी हटतो. 'दुर्बीण घातली की लाळ परत येईल' या आशेने जाऊ नका.

## ७. डोळ्यांतून पाणी वाहत असेल तर

हे लाळेचं नाही, पण त्याच डोसचं असू शकतं. डोसनंतर काही महिने ते वर्षभरात एका किंवा दोन्ही डोळ्यांतून कारण नसताना पाणी गळत राहिलं, तर अश्रूंची नाकात उतरणारी नळी अरुंद झालेली असू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आयोडीनचा डोस झाल्याचं सांगा, नाहीतर ॲलर्जीचे थेंब घालण्यातच महिने जातात.

## ८. पुढचा डोस ठरला तर

तारीख घेण्याआधी न्यूक्लियर मेडिसिन विभागाला तीन गोष्टी सांगा: मागच्या डोसनंतर सूज कधी आली, आता लाळेचा आकडा किती, आणि सध्या सूज आहे का. ग्रंथी सुजलेली, दुखरी असताना तसेच डोससाठी जाऊ नका. डोस किती आणि कधी द्यायचा हा निर्णय कॅन्सरच्या गरजेवर होतो, तो लाळेच्या भीतीने तुम्ही परस्पर टाळायचा नाही. पण ही माहिती पुढ्यात असेल तर डॉक्टर डोसचं प्रमाण, तारीख आणि आंबट सुरू करण्याची वेळ नीट ठरवू शकतात. पहिल्या टप्प्यातली दातांची तपासणी आणि लाळेची मोजणी या वेळीही नव्याने करायची, मागच्या वेळचा आकडा चालणार नाही.